मागच्या बाकावरून सुरुवात करा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

स. न. वि. वि. मी ताळगाव पठारावरील विद्यापीठात गणित घेऊन एम.एस्सी. करीत आहे. गेल्या सत्रापासून आम्ही सहा जण, तिघे गणिताचे आणि तिघे भौतिकशास्त्राचे, दर शनिवारी पेडणे तालुक्यातील शापोरा नदीकाठच्या एका अनुदानित विद्यालयात आठवी-नववीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायला जातो. आतापर्यंत अकरा शनिवार झाले. आम्ही प्रयोग दाखवतो, कोडी घालतो, मुले टाळ्या वाजवतात. ताटलीतील पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग तर त्यांनी दोनदा करायला लावला. परंतु घटक चाचणीचे गुण होते तेथेच राहिले. विषयशिक्षक आमच्या हाती वर्ग सोपवून शिक्षकखोलीत निघून जातात. एकदा ते म्हणाले, "तुमचे प्रयोग छान आहेत, पण पोर्शन कोण पुरा करणार?" मुख्याध्यापकांची इच्छा अशी की आम्ही हे सारे सोडून दहावीचा जादा वर्ग घ्यावा. आमच्यातील दोघे आता जाणे बंद करू म्हणतात. आम्ही चुकतो आहोत, की अशा जाण्याचा मुळात उपयोगच नसतो?
एक विद्यार्थी, पणजी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की अकरा शनिवारांच्या या हकिगतीत तुम्ही मुलांच्या टाळ्यांचा, गुणांचा, सरांच्या बोलण्याचा आणि मुख्याध्यापकांच्या अपेक्षेचा उल्लेख केला आहे, परंतु एकाही मुलाच्या वहीचा केलेला नाही. अमुक मुलाने अमुक गणित असे सोडवले आणि ते तसे का सोडवले याचे आम्हाला कोडे पडले, असे एक वाक्य जरी पत्रात असते, तरी माझे उत्तर निराळे झाले असते. तेव्हा तुमच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर देते: जाण्याचा उपयोग असतो, पुष्कळ असतो, मात्र तुम्ही फळ्याजवळची जागा घाईने घेतलीत. निदान दोन महिने तुमची जागा मागच्या बाकावर आहे.

मी डिचोली आणि फोंडा तालुक्यांतील विद्यालयांत तीसेक वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले, म्हणून तुमच्या सरांच्या बाजूने थोडे बोलते. पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात चाळीस मुले धरली, तर दोनशे वह्या होतात. एक वही नीट पाहायला तीन मिनिटे लागतात असे म्हटले, तर एकदा साऱ्या वह्या पाहायला दहा तास हवेत. तासिका, पर्यवेक्षण, हजेरीपट, संगणकात भरायची माहिती, निवडणूक आली की मतदारयादीचे काम, हे सारे सांभाळून कोणत्याही शिक्षकाला असे दहा तास आठवड्याला मिळत नाहीत. त्यामुळे वही 'तपासली' जाते, म्हणजे पानाच्या तळाशी लाल सही होते, आणि मुलाने जे लिहिले ते कोणीही वाचत नाही. मीही अशा शेकडो सह्या केल्या आहेत. तुम्ही सहा जण आहात. प्रत्येकाने वीस वह्या घेतल्या तर एका तासात एकशे वीस वह्या वाचून होतात. तुमच्याजवळ असलेली आणि त्या शिक्षकांजवळ नसलेली खरी गोष्ट आहे ती ही, म्हणजे वेळ. तुमचे एम.एस्सी.चे गणित त्या मानाने दुय्यम आहे, रागावू नका.

वही वाचणे म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. पुष्कळ मुले आठवीतसुद्धा १/२ + १/३ = २/५ असे लिहितात. आपण लाल फुली मारतो, शेजारी ५/६ लिहितो आणि लसावि काढायची रीत पुन्हा एकदा फळ्यावर मांडतो. पुढच्या चाचणीत तेच उत्तर पुन्हा येते. माझ्या वर्गातील फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाला मी फुली न मारता विचारले, की हे कसे काढलेस रे? तो म्हणाला, "काल दोन पेनल्टी मारल्या, एक आत गेली, आज तीन मारल्या, एक आत गेली, म्हणजे पाचांतल्या दोन." त्याचे म्हणणे त्याच्या प्रश्नापुरते अगदी बरोबर होते! दोनांपैकी एक आणि तिनांपैकी एक मिळून पाचांपैकी दोन होतात, पण ती अपूर्णांकांची बेरीज नव्हे, कारण प्रत्येक वेळी 'पूर्ण' म्हणजे काय तेच बदललेले आहे. त्याला एकच भाकरी कल्पायला सांगितली, तिचा अर्धा भाग आणि वर तिसरा हिस्सा ताटात वाढला आणि विचारले की आता ताटात अर्ध्या भाकरीहून जास्त आहे की कमी. तो हसला, कारण २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे हे त्याला ठाऊक होते. लसावि त्यानंतर आला आणि मग टिकला. या साऱ्याला दहा मिनिटे लागली. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकासाठी अशी दहा मिनिटे शिक्षकाने आणायची कोठून?

म्हणून माझा पहिला सल्ला असा की तुम्ही एक चुकांची वही घाला. तीत तारीख, इयत्ता, प्रश्न, मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे, आणि 'असे का केलेस' या प्रश्नाला त्याने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहा. मुलाचे नाव लिहू नका. तिसऱ्या-चौथ्या शनिवारनंतर तुम्हाला दिसू लागेल की दोनशे वह्यांतील चुका दोनशे प्रकारच्या नसतात. त्या फार तर दहा-बारा प्रकारच्या असतात आणि त्यांतील निम्म्या पाचवी-सहावीत रुजलेल्या असतात. ही वही महिन्यातून एकदा सरांपुढे ठेवा. 'नववीतल्या सतरा मुलांना ऋण संख्येचा वर्ग ऋणच वाटतो' हे वाक्य शिक्षकाच्या कामाचे आहे; तेवढ्यावरून ते सोमवारची तासिका बदलू शकतात, आणि पोर्शनही अडत नाही. तुमच्या प्रयोगांनी आजवर त्यांचा शनिवार घेतला. ही वही त्यांना काहीतरी परत देईल.

पाचवीचा उल्लेख आला आहे तर त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गोव्यात गणित-विज्ञानाचे घोडे पेंड खाते ते तेथे, आणि विद्यापीठातून येणाऱ्यांना ते बहुधा दिसत नाही. पेडण्यासारख्या तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेतून आलेले मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकते आणि पाचवीत एका सुट्टीच्या अंतराने सारे इंग्रजीतून शिकू लागते. पाढे त्याला 'बे एके बे' असे पाठ असतात, बेरीज-वजाबाकी ते मनात मराठीत करते आणि कागदावर इंग्रजीत उतरवते. अंश आणि छेद हे शब्द त्याने चौथीत मोठ्या कष्टाने आपलेसे केलेले असतात. त्यांची जागा न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर घेतात, आणि हे तेच जुने पाहुणे नवे कपडे घालून आले आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. विज्ञानात अडचण आणखी वाढते. बीजगणितात 'सोल्यूशन' म्हणजे उकल, रसायनात 'सोल्यूशन' म्हणजे द्रावण. भूमितीत 'बेस' म्हणजे पाया, घातांकातही पाया, आणि लिटमस कागद निळा करणाऱ्या पदार्थालाही 'बेस' म्हणायचे. 'प्रॉडक्ट' एका तासिकेला गुणाकार असतो आणि दुसऱ्या तासिकेला रासायनिक क्रियेतून निघालेला पदार्थ. मुलाची अडचण कित्येकदा संकल्पनेची नसते, शब्दाची असते, आणि आपण मात्र त्याला गणितात कच्चा ठरवून मोकळे होतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले, तेव्हापासून विज्ञान शिकण्यातील भाषेचा अडथळा हा तेथील संशोधकांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय राहिला आहे, आणि त्यांचा अनुभव मराठी माध्यमातील मुलांचा होता हे ध्यानात घ्या. आपल्या मुलांवर भाषेचे ओझे दुहेरी आहे.

तुम्ही सहा जणांत पेडण्याचे, बार्देशाचे, फोंड्याचे असे मराठी-कोकणी बोलणारे कोणी असणारच. त्यांनी मुलांशी घरच्या भाषेत बोलण्यात संकोच करू नये. कल्पना आधी मराठीत किंवा कोकणीत पक्की करून घ्यावी, मग इंग्रजी संज्ञा त्यावर बसवावी, आणि शेवटी उत्तर इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण परीक्षा त्या भाषेत आहे. वर्गाच्या भिंतीवर तिन्ही भाषांतील शब्दांचा एक तक्ता मुलांकडूनच दर आठवड्याला थोडाथोडा भरून घेतला, तर तो छापील तक्त्यापेक्षा अधिक वाचला जातो, असा माझा अनुभव आहे.

आता मेणबत्तीकडे वळते, आणि येथे माझ्याही चुकीची कबुली आहे. पेल्यातील ऑक्सिजन जळून संपतो, त्याची जागा घ्यायला पाणी वर चढते, आणि हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन असल्यामुळे पाणीही पेल्याच्या एक-पंचमांश उंचीपर्यंत येते, असे मी अनेक वर्षे शिकवले. तुम्हीही तसेच सांगितले असेल, तर ते पुढच्या शनिवारी दुरुस्त करा. ज्योत विझते तेव्हा पेल्यातील सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो, आणि जो वापरला गेला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार झालेली असते. पाणी चढण्याचे मुख्य कारण उष्णता हे आहे: पेला पालथा घालताना आतील हवा तापून प्रसरण पावते, तिच्यातील काही पेल्याच्या काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. म्हणूनच पाणी बरेचसे ज्योत विझल्यानंतर चढते, ज्योत पेटलेली असताना नव्हे. हे मुलांना सांगून टाकण्यात मजा नाही. एका ताटलीत एक मेणबत्ती आणि दुसरीत तीन मेणबत्त्या लावा, पेले सारख्या मापाचे घ्या आणि आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या. दोन्ही पेल्यांत ऑक्सिजन तेवढाच असताना तीन मेणबत्त्यांच्या पेल्यात पाणी अधिक चढते. मग पुस्तकी स्पष्टीकरण कोठे अडले ते मुलांनाच शोधू द्या. तीच मेणबत्ती आणि तीच ताटली, पण या वेळी टाळ्या पडणार नाहीत, भांडणे होतील. ती मोलाची.

टाळ्यांविषयी माझे मत थोडे कडवट आहे हे मान्य करते, आणि त्याला एक जुनी हकिगत कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या शाळेत एका महाविद्यालयातून काही विद्यार्थी प्रात्यक्षिके दाखवायला आले. त्यांच्यातील एकाने फळ्यावरील माझी एक आकृती भर वर्गात चुकीची ठरवली. आकृती चुकलेली होती हे खरे. परंतु पुढचा महिनाभर प्रत्येक तासिकेला कोणीतरी मूल हळूच विचारायचे, की बाई, हे तरी बरोबर आहे ना? ते विद्यार्थी पुन्हा कधी आले नाहीत, वर्गाला मात्र मलाच सामोरे जावे लागले. तेव्हा तुमचे सर शिक्षकखोलीत निघून जातात याचा अर्थ त्यांना आस्था नाही असा लावण्याची घाई करू नका. वर्गात पाहुण्याशेजारी उभे राहणे शिक्षकाला नेहमीच सोपे नसते. त्यांची चूक दिसलीच, तर ती बाहेर, चहाच्या वेळी आणि प्रश्नाच्या रूपात काढावी: "सर, हे मला नीट उमगले नाही."

विद्यापीठातील माणसे आणि खेड्यातील शाळा यांचा मेळ बसू शकतो याचा आपल्या देशात मोठा दाखला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात वर्षानुवर्षे सहभागी होते. पुढे १९८२ मध्ये याच कामातून एकलव्य ही संस्था उभी राहिली. त्या शास्त्रज्ञांचा बराच वेळ शिक्षकांसोबत गेला: सुट्टीतील प्रशिक्षणवर्गांत शिक्षकांनी मुलांसारखे स्वतः प्रयोग करून पाहिले, महिन्याच्या बैठकीत कोणता प्रयोग फसला हे मांडले आणि त्यावरून पुस्तक बदलले गेले. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते, ज्याला मुले पत्रे लिहीत. राज्य सरकारने हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला, म्हणजे तीस वर्षे चाललेले कामही एका निर्णयाने थांबू शकते. तरी सवालीरामाची कल्पना तुम्ही खुशाल उचला. वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवा, मुलांनी त्यात मराठी, कोकणी, इंग्रजी अशा वाटेल त्या भाषेत चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि उत्तर ठाऊक नसेल त्या चिठ्ठ्या तुम्ही विद्यापीठातील आपल्या प्राध्यापकांकडे न्याव्यात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुमच्या पठारापासून फार लांब नाही. समुद्राविषयीचा एखादा प्रश्न तेथपर्यंत गेला तर उत्तमच.

समुद्र म्हटल्यावर सांगते, तुमचे विद्यालय नदीकाठी आहे ही तुमची मोठी पुंजी आहे आणि तुम्ही तिला हातही लावलेला दिसत नाही. कोकणपट्टीतील दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. मुलांच्या आज्यांना पाऊणकी पाठ असेल: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. अपूर्णांकाच्या गुणाकाराला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पण तुम्ही गणिताचे विद्यार्थी आहात, तेव्हा येथे थांबू नका. अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे २४ तास फिरून मूळ जागी येते, म्हणजे दर तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांची ही तूट पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. मग ठोकताळा खोटा म्हणायचा काय? मुरगाव बंदरासाठी भारतीय सर्वेक्षण खाते दरवर्षी भरती-ओहोटीचे कोष्टक छापते. त्यातील महिनाभराच्या वेळा, ठोकताळ्याने काढलेल्या वेळा आणि मुलांनी काठावर खूण करून स्वतः नोंदवलेल्या वेळा असे तीन आलेख एकाच कागदावर काढले, तर नववीच्या मुलांना सरासरी, विचलन आणि सरळ रेषेचे समीकरण एकाच वेळी हाताला लागते. जोडीला पंचांग लागेल, ते कोणत्याही घरात सापडेल.

अशा गोष्टी तेथे पावलापावलावर आहेत. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधावरील मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे फळ्यांचे दार) पाहायला मुलांना न्या. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की दाबाने फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागत नाही. आगरवाड्याची मिठागरे याच तालुक्यात आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एका कोंडीची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मोजून त्यात किती क्षार असतील याचा हिशेब मुलांनी मांडावा, आणि मग आगरात काम करणाऱ्या माणसाला विचारावे की प्रत्यक्षात किती मीठ मिळते आणि फरक का पडतो. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला, म्हणजे लाकडी चौकटीला, टांगलेली तोरिंजने, आंबाडे, कवंडळे, सुपारीचे घोस ही जीवशास्त्राची तयार शिदोरी आहे. एक शून्य सावलीचा दिवस मात्र आपल्या नशिबात नाही, याची मला वर्षानुवर्षे हळहळ वाटत आली आहे. आपल्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळाला!

यातील कोणतीही गोष्ट सरांना न विचारता आणि चालू धड्याशी न जोडता करू नका. दाबाचा धडा जुलैत असेल तर मानस जुलैत पाहा, तुम्हाला सवड डिसेंबरात आहे म्हणून डिसेंबरात नव्हे. पोर्शनविषयीचा त्यांचा प्रश्न टोमणा वाटला तरी रास्त होता, आणि त्याचे उत्तर एवढेच आहे की तुमचा शनिवार त्यांच्या आठवड्याचा भाग झाला पाहिजे. सहा जणांनी पाळीपाळीने जाण्याची तुमची व्यवस्था असेल तर तीही मोडा. प्रत्येक वर्गाला तेच दोघे दर वेळी हवेत. नव्या माणसापुढे मूल आपली चूक उघडी करीत नाही.

मुख्याध्यापकांच्या मागणीविषयी. शालान्त परीक्षेच्या निकालाची त्यांची काळजी खरी आहे, कारण गावात शाळेची पत त्यावर ठरते आणि पट घसरला तर शिक्षकांच्या नोकऱ्यांवर गदा येते. तरीही दहावीचा जादा वर्ग तुम्ही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणीवर्ग गोव्यात गल्लोगल्ली आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालायला विद्यापीठातून येण्याची गरज नाही. आणि जे मूल अपूर्णांकांत अडले आहे, त्याला वर्गसमीकरणाची ठरावीक उदाहरणे घोटून घेण्याने चार गुण मिळतील, गणित मिळणार नाही. त्यांना आदराने सांगा की आम्ही पाचवी-सहावीपासून सुरुवात करू इच्छितो आणि चार-पाच वर्षांनी ही मुले दहावीत येतील. ते हिरमुसतील. तडजोड म्हणून परीक्षेपूर्वीचे तीन-चार शनिवार दहावीच्या शंकांसाठी द्या, पण मुलांनी प्रश्न आणावेत आणि तुम्ही उत्तरे द्यावीत एवढाच त्याचा व्याप ठेवा.

काही व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एकदा स्वतः जाऊन आपण कोण, कशासाठी येतो ते सांगा. वर्गात किंवा सहलीला शाळेतील एक शिक्षक नेहमी सोबत असला पाहिजे. यात अविश्वास नाही, मुलांची आणि तुमचीही ती सुरक्षितता आहे, आणि त्यामुळे सर शिक्षकखोलीतून वर्गात येतील हा फायदा निराळाच. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका, त्यांच्याशी फोनवर खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नका. साहित्य विकत आणण्याऐवजी शाळेच्या कपाटात काय आहे ते आधी पाहा. बहुतेक शाळांत भिंगे, काटे, परीक्षानळ्या, विद्युत-मंडलाचे संच असतात आणि फुटले तर भरून कोण देणार या भीतीने ते कुलपात असतात. फुटले तर आम्ही भरून देऊ, एवढे लिहून दिलेत तर ते कुलूप उघडेल.

गुण वाढले नाहीत म्हणून खिन्न होऊ नका. अकरा शनिवार म्हणजे फार तर बावीस-तेवीस तास होतात, आणि तेही चाचणीत न विचारल्या जाणाऱ्या गोष्टींवर खर्च झाले. प्रगती मोजायचीच असेल तर तुमच्या चुकांच्या वहीतीलच दहा प्रश्न सत्राच्या आरंभी आणि शेवटी त्याच मुलांना घाला, आणि गुणांऐवजी कोणती चूक नाहीशी झाली ते पाहा. एखादी नवीन चूक आलेली दिसली तर ती बहुधा तुम्ही शिकवलेली असते. मेणबत्तीचे माझे ओझे मी अजून वाहते आहे.

ज्या दोघांना थांबायचे आहे त्यांना थांबू द्या. मनाविरुद्ध आलेला माणूस बसमध्ये झोपतो आणि वर्गात घड्याळ पाहतो. चौघांनी दोन वर्ग धरावेत. तुमचे हे शेवटचे वर्ष असेल, तर आताच पहिल्या वर्षातील दोघांना सोबत न्यायला लागा, म्हणजे तुम्ही पदवी घेऊन गेल्यावर ती वही आणि सरांची ओळख त्यांच्याकडे राहील. विद्यापीठाकडून या कामाचे श्रेयांक मिळत असतील तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र श्रेयांकांचे तास भरले त्या शनिवारी जाणे थांबवू नका, मुले ते बरोबर ओळखतात.

येत्या शनिवारी प्रयोगाची पिशवी घरी ठेवा. नेहमीपेक्षा अर्धा तास लवकरची बस धरा, शिक्षकखोलीत जाऊन सरांजवळ बसा आणि विचारा की सध्या कोणता धडा चालू आहे आणि मुले त्यात कोठे अडतात. ते बोलू लागले की मध्ये न बोलता लिहून घ्या. चहा विचारला तर नको म्हणू नका.